उष्टा चमचा

मोठ्या सिस्टरांच्या पोटात दुखायला लागलं ते 'शाब्बास' या एका शब्दावरून.

तसा शब्द साधाच. पहिलीतल्या पोराने पाटीवर अक्षर नीट काढलं तरी मास्तर तो फुकट देऊन टाकतात. पण हाडांच्या डॉक्टरांनी, म्हणजे सरांनी, तो ऑपरेशन थिएटरमध्ये उच्चारला, तोही परवा परवा कामाला लागलेल्या नवीला, आणि तोही मोठ्या सिस्टर तिथे हजर असताना. सरांच्या उजव्या हाताशी उभं राहून, हत्यारं हातात देत सिस्टरांनी वीसेक वर्षं काढली होती. गावातले अर्धेअधिक म्हातारे त्यांच्या डोळ्यांदेखत नवे गुडघे घेऊन घरी चालत गेले होते. एवढ्या काळात सरांनी त्यांना शाब्बास सोडाच, 'बरं झालं' असंही कधी म्हटलं नव्हतं. सिस्टरांनी यावर स्वतःचं समाधान शोधून ठेवलं होतं. आम्हाला बोलावं लागत नाही, असं ते समाधान होतं.

त्याला पुरावाही होता. हातोडी, करवत, पकड असली हत्यारं सर नाव घेऊन मागत. एक वस्तू मात्र त्यांनी तोंडाने कधीच मागितली नाही. काम शेवटाकडे आलं की त्यांचा उजवा हात बाजूला यायचा, मधली दोन बोटं आत वळायची आणि हळूच उघडायची. त्या बोटांत सिस्टर एक छोटा, वाकड्या मानेचा, धारदार कडेचा चमचा ठेवायच्या. मग सर त्या चमच्याने सांध्याच्या कानाकोपऱ्यातलं राहिलंसाहिलं खरवडून काढायचे. ही खूण दुसऱ्या कुठल्याही नर्सला ठाऊक नव्हती, कारण सिस्टरांनी ती कोणाला सांगितलीच नव्हती. त्या रजेवर असल्या की सर चमच्यावाचूनच काम उरकतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून त्यांना रजा फार गोड लागायची.

घरी त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. गरीब माणूस, पण जिभेला धार. एकदा जेवताना तो म्हणाला, "मी मीठ मागितलं की तू आधी 'काय?' म्हणतेस. त्या डॉक्टरला मात्र न मागता चमचा."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" सिस्टर म्हणाल्या, आणि मीठ पुढे सरकवलं. मनातून त्या सुखावल्या होत्या.

आणि आता ही नवी. वागायला गोड, हाताला चलाख, आणि सिस्टरांना सिस्टर न म्हणता 'ताई' म्हणणारी. त्या 'ताई'ने तर सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नवी डोळे मोठे करून सगळं बघायची. तिचं ते बघणंच सिस्टरांना सगळ्यात जास्त खुपत होतं.

अशात सलूनवाले काका आले.

काकांनी दुसऱ्या गावी गुडघा बदलून घेतला होता. आधी छान चालले, मग गुडघा गरम राहायला लागला, जखमेच्या टोकाशी बारीकसं भोक पडलं आणि त्यातून पू झिरपायला लागला. रोज पट्टी बदलून बायको मेटाकुटीला आली. सरांनी सुईने गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं आणि जंतू ओळखला. मग त्यांनी काकांना समजावलं. जंतू धातूवर एकदा चिकटला की स्वतःभोवती बुळबुळीत थर धरून बसतो, आणि मग कितीही औषध दिलं तरी ते आतपर्यंत पोचत नाही. म्हणून बसवलेला सांधाच काढायचा. बहुतेकांना तो काढून आत औषधाच्या सिमेंटचा ठोकळा बसवतात, काही आठवडे थांबतात आणि मग दुसऱ्या ऑपरेशनात नवा सांधा घालतात. काकांची कातडी धड होती, जंतू औषधाला दाद देणारा होता, त्यामुळे दोन्ही कामं एकाच बैठकीत जमण्यासारखी होती.

"आणि परत चिघळलं तर?" काकांनी विचारलं.

"तर मग हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकावी लागतील. पाय काठीसारखा सरळ राहील."

काकांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "सरळ पायाने मी खुर्चीभोवती फिरणार कसा? मग काय गिऱ्हाइकालाच माझ्याभोवती फिरवायचं?" ते हसले, पण त्यांची बायको हसली नाही.

एकाच बैठकीत करायचं म्हणजे एका छपराखाली दोन ऑपरेशनं. आधी घाणीचं, मग स्वच्छ. मध्ये सगळं बदलायचं. हत्यारं, चादरी, गाऊन, हातमोजे, पाणी ओढणारी नळी, दिव्याच्या मुठीवरचं कव्हरसुद्धा. हत्यारांच्या या दोन टेबलांना नावं सिस्टरांनीच पाडली होती. पहिलं उष्टं, दुसरं कोरं. उष्ट्या टेबलावरचं सगळं उष्टं, मग ते कोणी हाताळलेलं असो वा नसो. "ताटातला न शिवलेला घासही उष्टाच असतो," असं त्या शिकायला येणाऱ्या मुलींना बजावायच्या. पुढे पुढे सरही 'उष्टं गेलं का बाहेर?' असं विचारायला लागले. आपला शब्द सरांच्या तोंडी बसला याचा सिस्टरांना केवढा अभिमान होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सरांनी कामं वाटून दिली. "सिस्टर, उष्ट्या भागाला तुम्ही उभ्या राहा. तिथे अनुभव लागतो. कोऱ्याला ही राहील. माणसंही वेगळी असलेली बरी."

बोलणं रास्त होतं. पण सिस्टरांच्या कानात एवढंच शिरलं की मला उष्टं आणि हिला कोरं. जुना गंजका सांधा ठोकून काढायचा, पू पुसायचा, पाण्याच्या बादल्या भरायच्या, ते सगळं माझ्या नशिबी. आणि चकचकीत नवा सांधा हातात द्यायचा, सिमेंट कालवायचं, शेवटी सरांचा तो हात बाजूला येणार, तेव्हा तिथे ही भवानी उभी. म्हणजे शाब्बासही हिलाच.

दुपारी दोन्ही ट्रे भरायला सिस्टरच बसल्या, कारण ते काम त्या कोणावर सोपवत नसत. वाकड्या मानेचे चमचे दोनच होते. नेहमीच्या हिशेबाने एक उष्ट्यात, एक कोऱ्यात जायचा. सिस्टरांनी एक उष्ट्यात ठेवला. दुसरा हातात घेऊन जरा वेळ बसल्या. मग तोही उष्ट्यातच ठेवला आणि ट्रे बांधून वाफेच्या यंत्रात पाठवला. पहिला पडलाबिडला तर जवळ असावा, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे हे त्यांना त्याच क्षणी ठाऊक होतं. बोटं वळतील आणि नवीच्या हाती काही नसेल, एवढंच त्यांना हवं होतं. चमच्यावाचून गुडघ्याचं काही बिघडत नाही, हेही त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. बिघडणार होतं ते फक्त नवीचं.

सकाळी काकांना कंबरेखालची भूल दिली. छातीपुढे चादरीचा पडदा लावला. पलीकडून ते भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंशी गप्पा मारत राहिले. पहिला भाग सिस्टरांनी असा काही पार पाडला की बघत राहावं. जुना सांधा निघाला, त्याखालचं जुनं सिमेंट निघालं, सडकं मांस खरवडून निघालं. सरांची दोन बोटं वळली. सिस्टरांनी चमचा दिला. समोर भिंतीशी नवी उभी होती, तिची नजर त्या बोटांवर होती. बघ, बघ, सिस्टर मनात म्हणाल्या, नुसतं बघून येत नाही ते.

मग भरपूर पाण्याने धुणं झालं. जखमेत औषधात भिजवलेली पट्टी भरून ती झाकली आणि सगळे कपडे बदलायला बाहेर गेले. आता उष्टं टेबल दाराबाहेर न्यायचं काम सिस्टरांचं होतं. त्यांनी गाऊन आणि मोजे उतरवले, टेबलावर हिरवं कापड टाकलं, ढकलत दारापर्यंत नेलं आणि तिथेच कोपऱ्यात उभं केलं. बाहेर नेलं असतं तर ते सोपवून परत येईपर्यंत वेळ गेला असता, आणि त्यांना नवीचा चेहरा बघायचा होता.

दुसरा भाग सुरू झाला. नवी खरंच चांगली होती, आणि हेच वाईट होतं. हत्यार मागायच्या आधी तिचा हात त्याच्यावर असायचा. तिने सिमेंट कालवलं ते ना पातळ ना घट्ट. सरांनी नवा सांधा बसवला, असिस्टंटने पाय सरळ धरून दाबून ठेवला, कडेने जास्तीचं सिमेंट बाहेर आलं. ते कडक व्हायच्या आत काढायचं असतं. सरांनी पातळ पातीने बरंचसं काढलं.

"शाब्बास," सर म्हणाले. "वेळेवर कालवलंस."

आणि त्यांचा हात बाजूला आला. मधली दोन बोटं वळली.

नवीने ट्रेकडे बघितलं. परत बघितलं. हत्यारं इकडची तिकडे केली. दाराशी उभ्या सिस्टरांना त्या वेळी जे वाटलं त्याला आनंदच म्हणतात, दुसरा शब्द नाही. तिला खूण कळली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं आणि आनंदाला जरासं गालबोट लागलं. पण कळून उपयोग काय, हातात द्यायला काही नव्हतं.

तेवढ्यात नवी वळली. कोपऱ्यातलं टेबल तिच्यापासून हाताच्याच अंतरावर होतं. तिने कापडाचं टोक उचललं. आत एका बाजूला तो दुसरा चमचा जसाच्या तसा पडला होता, कोरडा, लखलखीत. रक्ताचा डाग नाही, पाण्याचा थेंब नाही. तिने तो उचलला आणि परत फिरली.

आता सिस्टरांनी तोंड मिटून घेतलं असतं तर कोणालाही काही कळलं नसतं. सरांची पाठ होती, असिस्टंटची नजर पायावर होती. आणि ओरडल्या असत्या तर नवी सगळ्यांसमोर तोंडावर आपटली असती, जे त्यांना कालपासून हवं होतं. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता की कोऱ्या ट्रेमध्ये चमचा का नव्हता. एवढा सगळा विचार त्यांनी केला असं नाही. त्यांना दिसला तो चमचा सरांच्या बोटांत गेलेला, आणि बोटं उघड्या गुडघ्याकडे निघालेली.

सिस्टर दोन ढांगांत पुढे झाल्या आणि त्यांनी उघड्या हाताने सरांचं मनगट धरलं.

निर्जंतुक बाहीवर उघडा हात. असं कोणी करत नाही. शिकाऊ मुलगीसुद्धा करत नाही.

"सर, उष्टा आहे तो," सिस्टर म्हणाल्या.

सर हलले नाहीत. त्यांनी चमचा हळूच खाली सोडला, तो फरशीवर वाजला.

"काय झालं हो?" पडद्यापलीकडून काकांनी विचारलं.

"काही नाही काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ब्लेड बदलतायत."

"बदला, बदला. मीही प्रत्येक गिऱ्हाइकाला नवंच लावतो."

असिस्टंट पाय दाबून उभा राहिला. सरांनी गाऊन आणि मोजे बदलले. नवीने बदलले. तिने हात लावलेलं सगळं टेबल बाद झालं, राखीव ठेवलेला तिसरा ट्रे फोडला, चादरी बदलल्या, जखम पुन्हा धुतली. तोवर मागच्या कडेचं सिमेंट दगड झालं होतं, ते छिन्नीने टिचक्या मारून काढावं लागलं. सिस्टर बाहेरच्या नर्सचं काम करत पाकिटं फोडून देत राहिल्या. उष्टं टेबल त्यांनी आता दाराबाहेर नेलं होतं. गुडघा शिवून झाला.

हात धुवायच्या जागी सरांनी टोपी काढली आणि नवीला विचारलं, "उष्ट्यावरचं उचललंस कशाला? नियम माहीत नाही?"

नवीने मास्क खाली ओढला. "तुम्ही चमचा मागितलात, सर. ट्रेमध्ये नव्हता. तो स्वच्छ दिसला, कोणी वापरलाच नव्हता, म्हणून..."

"मी कधी मागितला चमचा?"

नवीने आपली मधली दोन बोटं वळवली आणि उघडली.

सरांनी तिच्या बोटांकडे बघितलं, मग स्वतःच्या. "अगं, ही आखडतात माझी. कित्येक वर्षं झाली. हातोडी धरून धरून. मी ती मोकळी करत असतो."

नळ चालू होता. सिस्टरांनी तो बंद केला.

"पण मी चमचा दिला की तुम्ही घेता," त्या म्हणाल्या. "नेहमी घेता."

"घेतो ना." सर त्यांच्याकडे वळले. "मला वाटायचं, तुम्ही सांगताय."

"मी काय सांगणार?"

"अजून साफ झालं नाही, हे. तुम्ही हातात चमचा ठेवलात की मी परत आत बघायचो, आणि कुठेतरी एखादा कण राहिलेला असायचाच. म्हटलं, बाईंची नजर आपल्यापेक्षा बरी आहे. तुमचं समाधान झाल्याशिवाय मी टाके घातले नाहीत कधी." आणि मग ते सहज म्हणाले, "पण कोऱ्या ट्रेमध्ये चमचा का नव्हता?"

"असेल, सर," नवी घाईने म्हणाली. "मलाच सापडला नसेल. माझीच चूक."

इथे सिस्टरांनी मूग गिळले असते तरी भागलं असतं. नवीने आपणहून मान पुढे केली होती. वीस वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते नुकतंच ऐकायला मिळालं होतं, आणि ते हातात धरायच्या आधीच सोडायचं होतं.

"नव्हता," त्या म्हणाल्या. "मी ठेवला नाही. दोन्ही माझ्याकडे घेतले. हिला देता येऊ नये म्हणून."

सरांनी टॉवेलने हात पुसले, एकेक बोट करत. "टेबल बाहेर का गेलं नव्हतं, हे मी विचारत नाही," ते म्हणाले. "यापुढे ट्रे ही भरेल." आणि ते निघून गेले.

नवी तिथेच उभी होती. तिने रागावायला हवं होतं, सिस्टरांना ते परवडलं असतं. ती म्हणाली, "ताई, तो दुसरा चमचा मला दिसला ना, तेव्हा मला वाटलं तुम्ही माझ्यासाठीच ठेवलाय."



रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, "आज काय म्हणाले तुझे सर?"

"म्हणाले, त्यांची बोटं आखडतात."

सगळी हकिकत ऐकून नवरा आपल्या हाताकडे बघत राहिला. बारीक चिमटे धरून त्याचीही बोटं वाकडी झाली होती. "आखडतात तर माझीही," तो म्हणाला. "मला नाही कधी कोणी चमचा दिला."

सिस्टर हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना रडू कोसळलं. त्याने मीठ आपल्या हाताने घेतलं.

काकांची जखम सुकायला वेळ लागला. रोज पट्टी सोडताना सिस्टर आधी डोळे मिटून घ्यायच्या, मग बघायच्या. पट्टी कोरडी निघत गेली. गुडघा गार पडला. एका सकाळी काका पाय वाकवून, काठी काखेत मारून सरांना दाखवायला आले आणि जाता जाता सिस्टरांना म्हणाले, "त्या दिवशी कोणीतरी फार मोठ्याने धावलं बघा."

तशी दुसरी केस पुढे आली तेव्हा ट्रे नवीनेच भरले. एक चमचा उष्ट्यात, एक कोऱ्यात. कोऱ्याला तीच उभी राहिली. सिस्टर उष्टं आटोपून, टेबल दाराबाहेर नेऊन, पाकिटं फोडून द्यायला परत आत आल्या होत्या. सिमेंट बसलं. सरांचा हात बाजूला आला, बोटं वळली आणि उघडली.

नवीने चमचा उचलला, पण दिला नाही. तिने मास्कवरून सिस्टरांकडे बघितलं.

आधी सिस्टरांना कळलंच नाही, ती कशाची वाट बघतेय. मग त्या चवड्यांवर उभ्या राहिल्या आणि लांबूनच सांध्यात डोकावल्या. मागच्या कडेला, आतल्या बाजूला, सिमेंटचा कण होता. त्यांनी मान डोलावली. नवीने चमचा सरांच्या हातात ठेवला. सरांनी परत आत बघितलं, कण काढला.

"शाब्बास," ते खाली बघूनच म्हणाले.

नवीचे डोळे हसले. तिला वाटलं, ते तिला होतं. सिस्टरांनी तिला तसं वाटू दिलं. पोटात दुखायचं तेवढं दुखलंच.